कापसावर उभे राहिलेले मँचेस्टर

माझी जन्मतारीख एक जून. ती शाळेच्या हेडमास्तरांनी दिलेली आहे. या सभागृहात माझ्या वयाच्या ज्या मंडळींचा जन्म खेड्यात झाला, त्यांच्यापैकी निम्म्यांची तारीख हीच असेल. आईला खरी तारीख विचारली तर ती म्हणे, "पाऊस लागून राहिला होता आणि भुईमुगाची भांगलण चालली होती." एक जूनला भांगलण होत नाही, एवढे शेतीचे ज्ञान आपणा सर्वांना आहे. त्यामुळे वाढदिवस ही गोष्ट मी आयुष्यात कधी मनावर घेतली नाही. परंतु आमची थोरली मुलगी इंग्लंडात एका रुग्णालयात परिचारिका आहे, आणि तिने मनावर घेतली. गेल्या वर्षी आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असता ती म्हणाली, "अण्णा, तारीख कागदावरची का असेना, तीन दिवस रजा काढलीय. कुठं जायचं ते सांगा."

मी म्हणालो, "मँचेस्टर."

"तिथं काय बघणार? फुटबॉल?"

आता हिला काय सांगावे! आपल्या इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात, हे आपण प्रत्येक सत्कारसमारंभात ऐकत आलो आहोत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाचे नाक कापडाशी बांधलेले आहे. ज्याच्या नावाने आपल्याला ओळखतात तो मूळ पुरुष एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. आठवीनंतर शाळा सुटली. १९८२च्या संपात वडिलांची परळची गिरणी गेली, ते गावी परतून येथे मागावर लागले, आणि पुढे दोन वर्षांनी मी कांड्या भरू लागलो. वाचन केले ते आपल्या गावच्या वाचनालयात, पाळी सुटल्यावर. तेव्हा मी जे सांगणार आहे ते एका माग चालविणाऱ्याने, आणि नंतर माग चालविणाऱ्यांची संघटना बांधणाऱ्याने, पाहिलेले मँचेस्टर आहे.

हे शहर कापसावर उभे आहे, असे म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. हवा दमट, त्यामुळे सूत तुटत नाही. जवळ कोळसा, आणि पस्तीस मैलांवर लिव्हरपूलचे बंदर. १८०१च्या पहिल्या शिरगणतीत वस्ती पाऊण लाख होती, ती १८५१ साली तीन लाखांवर गेली. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे झाली, तिचे मूळ स्थानक आजही उभे आहे. बंदरात उतरलेला कापूस दोनतीन तासांत गिरणीच्या दारात येऊ लागला. हा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांनी वेचलेला असे, ही गोष्ट मँचेस्टरच्या कोणत्याही देखण्या इमारतीकडे पाहताना विसरता येत नाही.

आम्ही प्रथम अँकोट्स भागात गेलो. तेथे मरे बंधूंची गिरणी आहे, १७९८ सालची, वाफेवर चालणाऱ्या कापसाच्या गिरण्यांपैकी आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या गिरण्यांतली. लाल विटांची, कालव्याच्या काठावर, खिडक्यांच्या रांगाच रांगा. आत आता घरे आहेत, आणि महागडी आहेत. गिरणगावात काय झाले ते आपण पाहिले आहे. तेव्हा यावर अधिक बोलत नाही.

आता सेंट पीटर्स फील्डविषयी. या भाषणाचा पुष्कळसा वेळ मी येथेच खर्च करणार आहे.

आज तेथे फील्ड म्हणजे मैदान नाही. रस्ते आहेत, ट्रॅम आहे, एक मोठे हॉटेल आहे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी, सोमवारी, येथे सुमारे साठ हजार माणसे जमली होती. आसपासच्या गावांतून, ओल्डहॅम, मिडलटन, रॉचडेल येथून विणकर मिरवणुकीने आले होते. वाजंत्री होती, निशाणे होती, बाया पांढरी वस्त्रे नेसून आल्या होत्या आणि मुलेही बरोबर होती. मागणी काय? मतांचा हक्क. एवढ्या मोठ्या मँचेस्टरला पार्लमेंटात एकही प्रतिनिधी नव्हता. आणि ओल्ड सेरम नावाच्या, जवळजवळ निर्मनुष्य टेकाडाला दोन होते. नेपोलियनशी लढाई संपली होती, मजुरी कोसळली होती, आणि धान्याचे भाव कायद्याने चढे ठेवले होते. हेन्री हंट नावाचा वक्ता बोलावयास उभा राहिला. शेजारच्या घराच्या खिडकीतून मॅजिस्ट्रेट पाहत होते. त्यांनी हंटला पकडण्याचा हुकूम दिला आणि तो बजावण्यासाठी घोडेस्वार पाठविले. हे घोडेस्वार पलटणीतले नव्हते. ते गावातलेच स्वयंसेवक होते : गिरणीमालक, दुकानदार, गुत्तेवाले यांचे मुलगे. त्यांच्या तलवारींना अगोदरच धार लावून घेतलेली होती. पाठोपाठ खरी पलटणही आली. थोड्याच वेळात मैदान मोकळे झाले. अठरा जीव गेले, आणि जखमींचा आकडा सातशेच्या घरात जातो. पहिला बळी दोन वर्षांचा होता. विल्यम फील्ड्स हे त्याचे नाव; घोड्याच्या धक्क्याने तो आईच्या हातांतून खाली पडला.

ओल्डहॅमचा जॉन लीस हा कापडकामगार वॉटर्लूच्या लढाईत लढून जिवंत परतला होता. तो येथे झालेल्या जखमांनी तीन आठवड्यांनंतर मेला. वॉटर्लूवरूनच लोकांनी या दिवसाला 'पीटर्लू' असे उपहासाचे नाव दिले. लीसच्या मृत्यूची चौकशी सुरू झाली, साक्षी झाल्या, आणि ती शेवटास गेलीच नाही. कोरोनरने आणि ज्यूरीने प्रेत एकाच वेळी पाहिले नव्हते, या तांत्रिक मुद्द्यावर सगळी चौकशीच रद्द ठरली. मॅजिस्ट्रेटांचे आणि घोडेस्वारांचे राजपुत्राकडून आभार मानण्यात आले. हंटला अडीच वर्षांची शिक्षा झाली.

मी तेथे उभा राहून मुलीला हे सांगत होतो, आणि मला आमच्या एका पोराची आठवण झाली. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या गावातील एका कारखान्यात पावसाळ्यात भिंत ओली होती, वायर उघडी होती, आणि सतरा वर्षांचा कांडीवाला पोर जागच्या जागी गेला. भरपाईचा दावा आम्ही लावला. मालकाने हजेरीपट पुढे केला. पटावर पोराचे नाव नव्हते. दिवाणजीने शपथेवर सांगितले की, तो कामाला नव्हता, कोणाला तरी भेटावयास आला होता. मालक-नोकर नाते सिद्ध होत नाही, म्हणून दावा निकालात निघाला. चार वर्षे मी त्या कज्जात होतो. त्याच्या आईला निकालाचा अर्थ मीच समजावून सांगितला. तेव्हापासून मी कागदावरचे शब्द फार बारकाईने वाचतो.

म्हणून आता जी पाटीची हकिकत सांगणार आहे, ती मला किरकोळ वाटत नाही. १९७२ साली या जागेवर एक निळी पाटी लावण्यात आली. हंटची सभा येथे भरली आणि नंतर ती लष्कराने पांगविली, अशा अर्थाचा मजकूर तीवर होता. पांगविली! मेले कोण, किती, याचा उल्लेख नाही. ती वाचणाऱ्यास वाटावे की, पावसाची सर आली आणि माणसे घरोघर गेली. लोकांनी अनेक वर्षे तक्रार केली, तेव्हा २००७ साली पाटी बदलली. नवी पाटी लाल आहे आणि तीवर मृत्यूंचा व जखमींचा स्पष्ट उल्लेख आहे. अठरा मेलेल्यांची 'पांगापांग' व्हावयास नको होती, ती १८८ वर्षांनी दुरुस्त झाली. २०१९ साली, दोनशे वर्षे झाली तेव्हा, जवळच एक स्मारक उभारले : एकावर एक चढत जाणाऱ्या दगडी वर्तुळाकार पायऱ्या, त्यांवर मृतांची नावे आणि ते ज्या गावांहून आले त्या गावांची नावे. त्यावर कोणीही चढून उभे राहावे आणि बोलावे, अशी कल्पना. माझी मुलगी परिचारिका. तिने पाहताक्षणी विचारले, "चाकाच्या खुर्चीवाल्याने कसं चढायचं?" तिकडच्या अपंग नागरिकांनीही हेच विचारले होते, आणि त्यावरून मोठा वाद झाला. समान हक्कांच्या स्मारकावर सगळ्यांना चढता येऊ नये, ही चूक बांधून झाल्यावर ध्यानात यावी हे खेदाचे आहे.

याच मैदानाच्या एका भागावर फ्री ट्रेड हॉल बांधला आहे. जमीन रिचर्ड कॉब्डेनची, नकाशा एडवर्ड वॉल्टर्सचा, बांधकाम १८५३ ते १८५६. ही इमारत कोणा राजाची वा संताची नव्हे. ती एका आर्थिक सिद्धांताची आहे. धान्यावरील जकातीचे कायदे १८४६ साली रद्द झाले, त्या विजयाचे हे स्मारक. दर्शनी भाग मोठा देखणा आहे, कमानींवर निरनिराळ्या देशांच्या व उद्योगांच्या मूर्ती कोरल्या आहेत. १९४० साली बॉम्बहल्ल्यात आतला भाग जळाला, तो पुन्हा बांधून १९५१ साली सभागृह उघडले. आज तेथे हॉटेल आहे. १९०५ साली क्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि अॅनी केनी या दोघींनी येथल्या सभेत स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न विचारला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. यांतली अॅनी केनी लहानपणापासून गिरणीत काम केलेली होती, हे आवर्जून सांगतो. इतिहासात बहुधा पहिलीचेच नाव येते.

या सभागृहातील दुसरी एक सभा आपल्या मुंबई इलाख्याशी बांधलेली आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे भोंगे थांबले. लाखो माणसे मदतीच्या अन्नावर आली. अशा वेळी, ३१ डिसेंबर १८६२ रोजी, मँचेस्टरचे कामगार फ्री ट्रेड हॉलमध्ये जमले आणि त्यांनी लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले : गुलामगिरी जावी, आमचे काय होईल ते होवो. लिंकनने जानेवारीत उत्तर दिले. त्याचा पुतळा आज शहरात आहे आणि त्या उत्तरातील मजकूर चौथऱ्यावर कोरला आहे. पूर्ण सत्य सांगावयाचे तर सर्वच कामगार एका मताचे नव्हते. काही गिरणगावांत दक्षिणेच्या बाजूनेही सभा झाल्या. उपाशी माणसाकडून रोज शहाणपणाची अपेक्षा करता येत नाही. म्हणूनच त्या रात्री ज्यांनी हात वर केले, त्यांचे मोल मला अधिक वाटते.

आणि त्यांच्या उपासमारीचा पैसा कोठे गेला? मुंबईस! खानदेश, वऱ्हाड, गुजरात, सगळीकडचा कापूस तेथे 'सुरती' या एकाच नावाने ओळखला जाई. त्याचा भाव आकाशाला भिडला. प्रेमचंद रायचंद त्या तेजीचे राजे झाले, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, कागदी शेअर सोन्याच्या मोलाने विकले गेले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्र ठेवले, आणि जुलैत मुंबईचा बाजार बसला. राजाबाई टॉवरला प्रेमचंदांनी पैसा दिला तो याच काळात. लँकेशायरच्या विणकरांना मात्र सुरती कापूस नकोसा होता. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. सूत सारखे तुटे आणि पिकावर मजुरी असल्याने तुटक्या धाग्याचा भुर्दंड विणकरास बसे. देवाने कापूस धाडावा, पण सुरती नको, अशी प्रार्थना तेथे लोक करीत, असे सांगतात. वाईट बिम आले की आपल्याकडे सायझिंगवाल्याला ज्या शिव्या बसतात, त्या या प्रार्थनेपेक्षा थोड्या निराळ्या असतात, एवढेच.

फ्री ट्रेड म्हणजे खुला व्यापार. हा सिद्धांत हिंदुस्थानास कसा लागू झाला ते पाहावे. लँकेशायरच्या दडपणाने १८८२ साली आपल्याकडील कापडावरची आयात जकात काढून टाकण्यात आली. पुढे सरकारला पैशाची चणचण पडली म्हणून ती पुन्हा बसविली, तेव्हा लँकेशायरने असा गिल्ला केला की, १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के आणि त्याच्या जोडीला हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर आला. स्वतःच्या देशात विणलेल्या कापडावर, केवळ परक्यास बरोबरी मिळावी म्हणून कर! तो १९२५च्या डिसेंबरपर्यंत चालला.

येथे एक अवघड गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१चा. त्यासाठी ज्यांनी आरडाओरडा केला त्यांत मँचेस्टरचे मालक पुढे होते. त्यांना आमच्या पोरांचा कळवळा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत दिवसभर स्वस्त मजुरी राबते, ती त्यांना सलत होती. यावर आमचे देशभक्त म्हणत, हा कायदा म्हणजे परक्यांचा डाव आहे. डाव होता हे खरेच. परंतु त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांना हा पेच नीट उमगला होता. मँचेस्टरचा हेतू काय, यावर काथ्याकूट करीत न बसता त्यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. संघटनेच्या कामात मला हा प्रश्न अनेकदा पडला आहे : चांगली गोष्ट वाईट माणसाच्या हातून आली तर घ्यावी की नाही? मी लोखंड्यांच्या बाजूचा आहे.

दुसऱ्या दिवशी चेथम ग्रंथालय पाहिले. इमारत १४२१ची, पुरोहितांच्या निवासासाठी बांधलेली. हम्फ्री चेथम नावाच्या कापड-व्यापाऱ्याने मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशातून १६५३ साली तेथे ग्रंथालय निघाले. विद्वानांकडून काही न घेता पुस्तके वाचावयास द्यावी, ही त्याची अट. खिडकीजवळ एक मेज आहे. १८४५च्या उन्हाळ्यात सत्तावीस वर्षांचा मार्क्स आणि चोवीस वर्षांचा एंगल्स तेथे बसून अर्थशास्त्राची जुनी पुस्तके वाचीत. एंगल्स हा एका सूतगिरणीच्या भागीदाराचा मुलगा. पुढे तो स्वतः त्याच पेढीत बसला आणि मालकीच्या नफ्यातून मार्क्सचा संसार चालविला. आपल्याकडच्या काही मालकांनीही हे उदाहरण ध्यानात ठेवण्यास हरकत नाही. मला त्या बाकावर बसू दिले. बाक कठीण आहे. माझी सौभाग्यवती म्हणाली, "एवढंच बघायला आलो होय?" ग्रंथालयाच्या बाहेर थोड्या अंतरावर गांधीजींचा पुतळा आहे, २०१९ साली बसविलेला, शिल्पकार आपले धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे राम सुतार. तेथे मात्र तिने आपणहून फोटो काढावयास सांगितला.

जॉन रायलँड्स ग्रंथालय एका सूतसम्राटाच्या विधवेने त्याच्या नावाने बांधून १९०० साली लोकांस खुले केले. आत गेल्यावर देवळात आल्यासारखे वाटते. नगरभवन २०१८ पासून दुरुस्तीसाठी बंद होते, त्यामुळे वॉटरहाउसची ती अजस्र इमारत आम्हांस बाहेरूनच, परातींच्या आडून पाहावी लागली. १८७७ साली तिचे उद्घाटन राणीने केले नाही. ते महापौर एबल हेवूड यांनी केले. हा गृहस्थ मूळचा पुस्तकविक्या. सरकारी कर न भरलेले गरिबांचे वर्तमानपत्र विकल्याबद्दल १८३२ साली चार महिने तुरुंगात बसून आलेला. मनोऱ्यातील मोठ्या घंटेला त्याचेच नाव आहे. तुरुंगात गेलेल्या माणसाचे नाव आपल्या पालिकेच्या घड्याळाला दिले आहे काय, हे आपण उद्या जाताना पाहावे.

विज्ञान व उद्योग संग्रहालयात एक जुना माग उभा होता. आपल्याकडच्या साध्या मागाचा हा सख्खा आजा. मी खाली वाकून धोटा पाहिला. लँकेशायरमध्ये विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासाने सूत ओढून घेत; त्यास तिकडे धोट्याचे चुंबन म्हणत. त्यातून रोग पसरत, पेंड पोटात जाई. आवाजाने कान गेलेल्या बाया ओठांच्या हालचालीवरून एकमेकींचे बोलणे ओळखत, आणि रस्त्यातही तसेच बोलत. माझे वडील घरात ओरडूनच बोलत असत. आम्ही लहानपणी समजत होतो की, ते रागावलेले आहेत.

रॉयल एक्स्चेंजमध्ये गेलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. हा कापसाचा बाजार. एके काळी जगातील सर्वांत मोठे व्यापारी दालन म्हणून त्याची ख्याती होती. हजारो व्यापारी येथे उभ्यानेच सौदे करीत. १९६८ साली व्यवहार बंद झाला. १९७६ साली त्याच दालनात एक नाटकगृह झाले, पोलादी आणि काचेचे, प्रचंड खांबांच्या मध्ये टांगल्यासारखे. पण वर, भिंतीच्या उंचीवर, भावफलक तसाच आहे. शेवटच्या दिवसाचे भाव त्यावर अजून आहेत. खाली लोक नाटकाची तिकिटे काढीत होते, चहा पीत होते. मी मान वर करून बराच वेळ ते आकडे पाहत राहिलो. आपल्याकडे साधे माग भंगाराच्या भावाने वजनावर गेले, त्या दिवसाचा भाव कोणी लिहून ठेवला आहे काय? मला ठाऊक आहे, कारण माझ्या वहीत तो आहे. भिंतीवर मात्र कोठे नाही.

तिसऱ्या दिवशी, २ जूनला, प्रिन्सेस स्ट्रीटवरील मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या दारात गेलो. ही संस्था १८२४ची, कामगारांस संध्याकाळी शास्त्र व हिशेब शिकविण्यासाठी काढलेली. ही इमारत १८५४-५५ची. विटांची, चौकोनी, फारशी न सजविलेली. २ जून १८६८ रोजी ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसची पहिली बैठक येथे भरली. चौतीस प्रतिनिधी आले होते, त्यांच्या मागे १,१८,००० सभासद.

ही बैठक बोलाविण्याची कल्पना मँचेस्टरच्या दोन कंपोझिटरांची, सॅम्युएल निकल्सन आणि विल्यम वुड यांची. त्यामागे एक छोटे कारण होते. १८६५ साली शेफील्डला समाजशास्त्राच्या विद्वानांची परिषद भरली. तेथे विल्यम ड्रॉनफील्ड नावाच्या मुद्रक-कामगाराने कामगार-संघटनांच्या बाजूने निबंध वाचला. चर्चा झाली. परिषदेचा अहवाल छापून आला तेव्हा सगळ्यांचे निबंध त्यात होते, ड्रॉनफील्डचा नव्हता. निकल्सन म्हणाला, मग आपलीच परिषद का भरवू नये?

मी हे मुलीला सांगितले. ती म्हणाली, "अण्णा, तुमचं व्याख्यान तरी छापणार आहेत ना?" मी म्हणालो, "चिटणीसांनी शब्द दिला आहे." मग आमची गाडी चुकेल म्हणून आम्ही स्टेशनाकडे निघालो.